वसतिगृहातली कार्यशाळा: उत्तम, पण वेळ अपुरा

रविवारी आमच्या वसतिगृहात अंध आणि कर्णबधिर मैत्रिणींच्या अडचणी समजावणारी कार्यशाळा झाली. डोळ्यांवर पट्टी बांधून मेसपर्यंत जायचं होतं. जिन्यात कुणीतरी बादली ठेवलेली. पांढरी काठी तिच्यावर टणकन आपटली आणि माझ्या काळजात धस्स झालं. तिथे मीही रोज बादली ठेवते.

अंध मुलीला हात धरून ओढायचं नाही, आपलं कोपर तिला धरू द्यायचं, हे कार्यशाळा घेणाऱ्या ताईंनी करून दाखवलं. त्या स्वतः अंध आहेत, शिकवतात फार छान. माझी रूममेट कर्णबधिर. तिला हाक मारायची तर दिवा दोनदा चालू-बंद करायचा, हे मला दोन वर्षांनी कळावं, याचं वाईट वाटतं.

२०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातले अपंगत्वाचे २१ प्रकार मात्र भराभर उरकले. खुणांच्या भाषेला जेमतेम दहा मिनिटं.

ताईंना पाचपैकी पाच, वेळेच्या आखणीला तीन. पुढच्या वेळी मेसच्या काकांनाही बसवा; ताटात आमटी कुठे, भाजी कुठे, हे अंध मुलींना तेच सांगू शकतात.