मिनेसोटा स्टेट पार्कचा वर्षाचा पास – मुलांकडे जाणाऱ्या आईबाबांसाठी रिव्ह्यू

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीत निम्म्या लोकांची मुलं अमेरिकेत, आणि जाऊन आले की सगळे नायगाराचेच फोटो दाखवतात. आम्ही यंदा जूनमध्ये लेकीकडे मिनेसोटाला गेलो, तिच्या गाडीच्या काचेवर स्टेट पार्कचा (म्हणजे राज्य सरकारच्या निसर्ग-उद्यानांचा) स्टिकर लावलेला असतो, तोच वर्षाचा पास, त्याचा हा रिव्ह्यू.

लेकीने घेतला तेव्हा ३५ डॉलरमध्ये वर्षभर, ७० च्या वर पार्कं, आणि पैसे माणशी नाही, गाडीमागे. म्हणजे लेक, जावई, आम्ही दोघं, नातू सगळे त्यातच. एका दिवसाचे तेव्हा ७ डॉलर पडायचे, पाचदा गेलात की वसूल. आम्ही दीड महिन्यात सातदा गेलो, यांनी वहीत लिहून ठेवलंय (बँकेतले ना).

सगळ्यात भारी इटास्का. मिनीयापोलिसहून चारेक तास, १८९१ चं, राज्यातलं सगळ्यात जुनं स्टेट पार्क. तिथल्या तळ्यातून मिसिसिपी निघते, आणि निघते ती केवढीशी, तर पावसाळ्यात आमच्या गेटसमोर तुंबतं ना, तेवढंच पाणी! दगडांवर पाय टाकत अख्खी नदी ओलांडायची. मी स्टेशनजवळच्या एका दुकानातून खास ग्रिपवाले शूज नेले होते, दुकानदार म्हणालेला मावशी डोळे मिटून चाला, तिसऱ्याच दगडावर सटकले आणि ड्रेससकट बसले पाण्यात. हात द्यायला एक गोरी आजी आली ती अनवाणी, तेव्हा कळलं. बाजूच्या खांबावर कोरलंय की इथून समुद्र २५५२ मैल, आणि पाण्याला तिथे पोचायला ९० दिवस लागतात म्हणे. पडताना माझी टिकली वाहून गेली, हे म्हणाले गणपतीपर्यंत पोचेल. ते दगडही मुळातले नाहीत हां, तिथे दलदल होती, १९३० च्या दशकात माणसांनी रचलेत.

तिथल्या सेंटरला मेरी गिब्सचं नाव आहे. १९०३ मध्ये ही २४ वर्षांची पोरगी पार्कची प्रमुख होती, लाकूडवाल्यांनी बांध घालून पाणी चढवलं, काठची झाडं बुडायला लागली, तर ही बांधाचे दरवाजे उघडायला गेली, बंदूक रोखली तरी हटली नाही. आमच्या ठाण्यातल्या येऊरच्या जंगलाला अशी एक हवी होती, असो.

आता तक्रारी. गाडी नसेल तर काही उपयोग नाही, जावयाच्या सुट्टीवर सगळं अवलंबून. डास असे की इथून नेलेलं क्रीम त्यांनी चाटून खाल्लं असावं, तिकडचाच स्प्रे घ्या, आणि उंच गवतातून आलात की पायावर गोचीड बघा, यांच्या पोटरीवर निघाली एक. स्प्लिट रॉक नावाच्या पार्कातल्या दीपगृहाचं तिकीट वेगळं, पासात येत नाही, आम्ही आपले बिनधास्त आत निघालेलो. उलट गूजबेरी फॉल्स या धबधब्याच्या पार्कला व्हिजिटर सेंटरपाशी गाडी लावली तर पास लागतच नाही, त्यामुळे एकदाच जाणार असाल तर आधी तिथे जा. धबधबा पार्किंगपासून जवळ, गुडघेदुखीवाल्यांनाही जमतं.

चहाचा थर्मास आणि धपाटे घरून न्या. साडेचार स्टार, अर्धा डासांनी खाल्ला.