जुनी रिस्क फाइल : डागडुजी करावी की नव्याने मांडावी?

वैद्यकीय उपकरणाचे धोके आणि त्यांवरचे उपाय ज्यात नोंदवतात ती रिस्क फाइल. 'आपली रिस्क फाइल अजून मानकाच्या २००७च्या आवृत्तीवर आहे' असं मीटिंगमध्ये कोणी म्हटलं की खोलीत दोन गट पडतात. एक म्हणतो, क्लॉजचे (मानकातल्या कलमांचे) नंबर बदला, पहिल्या पानावर नवं साल टाका, आठवडाभराचं काम आहे. दुसरा म्हणतो, सगळं मुळापासून करायचं, सहा महिने द्या. मी दोन्ही गटांत बसून झालंय. दोघांची भांडणं चालतात ती मात्र फाइल न उघडताच.

तारखांचं आधी उरकून घेऊ. वैद्यकीय उपकरणांच्या जोखीम व्यवस्थापनाचं मानक म्हणजे आयएसओ १४९७१. त्याची पहिली आवृत्ती २०००ची, दुसरी २००७ची आणि सध्याची तिसरी डिसेंबर २०१९ची. अमेरिकेत एफडीए या नियामक संस्थेने जुन्या आवृत्तीवरची अनुरूपता घोषणा (उपकरण मानकाप्रमाणे असल्याचं कंपनीचं निवेदन) २५ डिसेंबर २०२२पर्यंत चालवून घेतली. युरोपात ईएन आयएसओ १४९७१:२०१९ (त्याच मानकाची युरोपीय आवृत्ती) आणि तिची ए११:२०२१ ही पुरवणी मे २०२२मध्ये एमडीआरखाली (युरोपच्या वैद्यकीय उपकरण नियमाखाली) हार्मोनाइज्ड झाली, म्हणजे ती पाळली की नियमाच्या संबंधित अटी पाळल्याचं धरलं जातं. त्यामुळे 'थांबून बघू' हा पर्याय यादीतून केव्हाच गेलेला आहे.

तरीही जुन्या फाइली कपाटात आहेत, आणि त्याला कारणं आहेत. युरोपच्या २०२३/६०७ या नियमाने एमडीआरआधीच्या जुन्या निर्देशांखाली मान्यता मिळालेल्या उपकरणांना, अटींसह, मुदत वाढवून दिली. वर्ग ३ (सर्वात जास्त जोखमीच्या) आणि शरीरात बसवायच्या बहुतेक वर्ग २ब उपकरणांना ३१ डिसेंबर २०२७पर्यंत, बाकीच्यांना ३१ डिसेंबर २०२८पर्यंत. मुदत मिळाली की काम पुढे ढकललं जातं, हे सांगायला नको. दुसरीकडे एफडीएचा नवा गुणवत्ता नियम २ फेब्रुवारी २०२६पासूनचा, आणि त्यात आयएसओ १३४८५:२०१६ हे गुणवत्ता व्यवस्थापनाचं मानक थेट अंतर्भूत आहे. ते मानक उत्पादन घडवण्याच्या सगळ्या टप्प्यांत जोखीम व्यवस्थापन मागतं. म्हणजे फाइल दोन्ही बाजूंनी उघडली जाणार आहे.

तुमच्या हातात नेमकं जुनं काय आहे?

'जुनी आवृत्ती' म्हणजे एकच कागद नव्हे. कोणाकडे आयएसओ १४९७१:२००७ आहे, कोणाकडे ईएन आयएसओ १४९७१:२०१२. दोन्हींचा मुख्य मजकूर अक्षरशः तोच. फरक युरोपीय आवृत्तीच्या झेड-परिशिष्टांचा. मानक आणि तेव्हाचे निर्देश कुठे जुळत नाहीत, असे सात मुद्दे तिथे मांडले होते. किरकोळ जोखीम सोडून देता येणार नाही. 'व्यवहार्य असेल तेवढी कमी' एवढ्यावर भागणार नाही, जोखीम शक्य तितकी कमी करायला हवी. वापरणाऱ्याला दिलेली माहिती ही जोखीम कमी केल्याचा पुरावा म्हणून मोजायची नाही. असे ते मुद्दे.

ज्यांनी २०१२ची आवृत्ती मनापासून पाळली, त्यांचं निम्मं अवघड काम आधीच झालेलं असतं. फक्त एक जुनी सवय त्यांना सोडावी लागते. एमडीआरच्या पहिल्या परिशिष्टात सुरक्षेची माहिती हा नियंत्रणाचा तिसरा आणि शेवटचा मार्ग म्हणून उघड मान्य आहे. 'सुई पुन्हा वापरू नका' ही सूचना नियंत्रण ठरू शकते. 'क्वचित सूज येते' हे वाक्य ठरत नाही, कारण त्यात उरलेली जोखीम फक्त कळवली आहे. दोन्ही वाक्यं एकाच रकान्यात कोंबलेली फाइल ऑडिटर पहिल्या अर्ध्या तासात पकडतो.

समोरासमोर ठेवलं तर

| मुद्दा | २००७ | २०१९ |
|---|---|---|
| क्लॉज | ९ | १० (दुसरा क्लॉज नवा, त्यामुळे पुढचे सगळे एकाने सरकले) |
| परिशिष्टं | ए ते जे | फक्त ए, बी, सी. बरंचसं मार्गदर्शन आयएसओ टीआर २४९७१:२०२० या तांत्रिक अहवालात गेलं |
| इजेची व्याख्या | 'शारीरिक' इजा | 'शारीरिक' हा शब्द काढला |
| नव्या व्याख्या | – | लाभ, सहज अंदाज येण्याजोगा गैरवापर, स्टेट ऑफ द आर्ट (त्या काळी सर्वमान्य असलेली चांगली पद्धत) |
| एकूण उर्वरित (नियंत्रणानंतर उरलेली) जोखीम | मूल्यमापन हवं | मूल्यमापनाची पद्धत आणि निकष आधीच प्लॅनमध्ये हवेत |
| उत्पादनानंतर | माहिती गोळा करून तपासणं | माहिती गोळा करणं, तपासणं आणि कृती, असे वेगळे उपक्लॉज |

तक्ता बघून पहिला गट खूश होतो. एवढंच ना? खरंच एवढंच आहे. प्रक्रियेचा सांगाडा नव्या आवृत्तीने बदललेला नाही. धोका ओळखा, अंदाज करा, मूल्यमापन करा, नियंत्रण आणा, उरलेलं बघा, बाजारातून कानोसा घेत राहा. हेच २००७मध्येही होतं. गोची अशी की अनेक फाइलींनी २००७चंही नीट पाळलेलं नसतं. नवी आवृत्ती निमित्त होते आणि जुनी उधारी वर येते.

एक ओळ घ्या आणि पुन्हा लिहा

म्हणून माझा सल्ला नेहमी एकच असतो. गॅप अ‍ॅनालिसिसचा (नव्या आवृत्तीपुढे काय कमी पडतं ते मांडणारा) टेम्प्लेट भरायला घेण्याआधी आपल्या फाइलीतल्या तक्त्यातली सर्वात गंभीर इजेची एक ओळ उचला आणि ती नव्याने लिहून बघा. उदाहरणादाखल इन्फ्युजन पंप (शिरेतून औषध सोडणारं यंत्र) घेऊ. जुन्या फाइलीत एफएमईएच्या (काय बिघडेल आणि त्याचा परिणाम काय, याच्या) तक्त्यात साधारण असं सापडतं, त्यात आरपीएन म्हणजे तीन आकड्यांचा गुणाकार :

'हवा ओळखणारा सेन्सर निकामी. परिणाम : रुग्णाला इजा. तीव्रता ५, शक्यता २, ओळखता येणं ३, आरपीएन ३०. उपाय : सेन्सरची सेल्फ-टेस्ट, माहितीपुस्तिकेत सूचना. नंतरचा आरपीएन १०. स्वीकारार्ह.'

आता तीच गोष्ट मानकाच्या भाषेत. धोका : नळीतली हवा. घटनाक्रम : बॅग बदलताना ड्रिप चेंबर अर्धवट भरला, नळीत बारीक बुडबुडे आले, प्रत्येक बुडबुड्याला अलार्म वाजू लागला, रात्रपाळीत कोणीतरी वैतागून अलार्मची मर्यादा वर सरकवली, मग मोठा बुडबुडा आला आणि पंप चालूच राहिला. धोकादायक परिस्थिती : हवा रुग्णाच्या शिरेत शिरते आहे. इजा : एअर एम्बोलिझम (हवेच्या बुडबुड्याने रक्तप्रवाह अडणं).

या संपूर्ण कहाणीत सेन्सर ठणठणीत आहे! काहीच निकामी झालेलं नाही, म्हणून जुन्या तक्त्यात या कहाणीला जागाच नव्हती. एफएमईएची सुरुवात 'काय बिघडेल' इथून होते. मानक विचारतं, बिघाड असो वा नसो, माणूस धोक्याच्या समोर कसा येईल? अलार्मची मर्यादा सरकवणं हा सहज अंदाज येण्याजोगा गैरवापर, आणि नव्या आवृत्तीने त्याची व्याख्याच देऊन टाकल्यामुळे 'वापरणाऱ्याची चूक' म्हणून हात झटकता येत नाहीत. शिवाय प्रत्येक बुडबुड्याला वाजणारा अलार्म हे आपणच आणलेलं नियंत्रण. त्यातून नवी जोखीम उभी राहिली, तर तीही फाइलीत हवी.

शक्यतेचा आकडाही बदलतो. धोकादायक परिस्थिती उद्भवण्याची शक्यता एक, आणि ती उद्भवल्यावर इजा होण्याची शक्यता दुसरी. पी१ आणि पी२ अशी ही फोड २००७च्या परिशिष्टातही आकृतीसकट होती. 'ओळखता येणं' हा तिसरा आकडा मानकाच्या जोखमीच्या व्याख्येत कधीच नव्हता. तो कारखान्यातून आला आणि आरपीएनच्या गुणाकारात बसून मोकळा झाला. गंभीर इजासुद्धा 'पण आम्हाला कळेल ना' म्हणत हिरव्या (स्वीकारार्ह) रकान्यात जाते ती याच वाटेने.

या एका ओळीला दोन-तीन तास लागतील. लिहिताना फक्त रकाने हलवावे लागले, तर तुमची फाइल डागडुजीने निभावेल. मजकूरच नव्याने शोधावा लागला, वापरणाऱ्यांना विचारावं लागलं, क्लिनिकल माणसाला बोलवावं लागलं, तर नंबर बदलून काही होणार नाही.

तीन वाटा

डागडुजी, म्हणजे प्लॅन, प्रक्रिया आणि अहवाल नव्या क्लॉजनुसार सुधारायचे, विश्लेषणाला हात लावायचा नाही. खर्च कमी, वेळ कमी. ज्यांचा तक्ता आधीपासून धोकादायक परिस्थितीवर उभा आहे, त्यांना हे पुरतं. पण प्लॅनमधला एक बदल वरवरचा नाही : एकूण उर्वरित जोखीम कशी तपासणार आणि कशाला स्वीकारार्ह म्हणणार, हे आधी लिहायचं. पूर्वी शेवटी 'सर्व जोखमी स्वतंत्रपणे स्वीकारार्ह, म्हणून एकूणही स्वीकारार्ह' हे वाक्य चिकटवलं जायचं. दहा पिवळ्या (मध्यम जोखमीच्या) ओळी एकाच रुग्णाच्या अंगावर एकाच वेळी येऊ शकतात, याचं त्या वाक्यात उत्तर नसतं. आता ही तुलना अपेक्षित वापराच्या लाभाशी करायची आहे, आणि उरलेल्या महत्त्वाच्या जोखमी वापरणाऱ्यांना कळवण्याची अटही त्यानंतर एकाच ठिकाणी आणली आहे.

दुसरी वाट पूर्ण नव्या मांडणीची. नव्या उपकरणासाठी यावर चर्चाच नको. जुन्यासाठी मात्र ती दिसते तेवढी शुद्ध नाही. पंधरा वर्षं बाजारात असलेल्या उपकरणाची कोऱ्या कागदावरून फाइल लिहिताना, जुन्या टीमने कुठला निर्णय का घेतला होता ही माहिती हरवते. कोणीतरी एकेकाळी एक विशिष्ट कनेक्टर मुद्दाम बदललेला असतो. नव्या तक्त्यात ते कारण येत नाही आणि दोन वर्षांनी खरेदी विभाग स्वस्त पडतो म्हणून जुनाच कनेक्टर परत आणतो. नवी मांडणी करायचीच असेल, तर जुन्या फाइलीतलं प्रत्येक नियंत्रण नव्या फाइलीत कुठे गेलं याचा दुवा ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण तेच टाळलं जातं.

तिसरी वाट मला जास्त पटते. जुन्या एफएमईएला फेकायचं नाही आणि सिंहासनावरही बसवायचं नाही. वर हॅझर्डचा (धोक्यांचा) नवा तक्ता उभा करायचा : धोका, घटनाक्रम, परिस्थिती, इजा. घटनाक्रमात जिथे बिघाड हे एक कारण आहे, तिथे एफएमईएची संबंधित ओळ जोडायची. एफएमईए मग घटक-पातळीचा पुरवठादार बनतो. डिझाइनच्या लोकांना त्यांचा ओळखीचा कागद राहतो. हॅझर्डच्या तक्त्यात ज्या ओळींना खाली एकही बिघाड जोडता येत नाही, त्या सर्वात मोलाच्या. तिथे तुम्ही आजवर पाहिलंच नव्हतं.

या वाटेची अडचण दोन कागद एकमेकांशी जुळते ठेवण्याची. एका कंपनीत हे दोन तक्ते दोन विभागांकडे होते आणि एकाची तीव्रतेची पट्टी पाच पायऱ्यांची, दुसऱ्याची दहाची. ऑडिटच्या आदल्या दिवशी रात्रभर आकडे जुळवत बसलो होतो. पट्टी एकच ठेवा, बाकीचं निभतं.

वाट कुठलीही घेतली तरी न चुकणाऱ्या जागा

पहिली जागा डेटा आणि सिस्टीमची सुरक्षा. 'शारीरिक' शब्द गेल्यामुळे आणि मानकाने हा विषय नावानिशी घेतल्यामुळे, नेटवर्कला जोडलेल्या उपकरणाच्या फाइलीत सुरक्षेचे धोके दिसलेच पाहिजेत. टीआर २४९७१च्या एफ परिशिष्टात त्याचं मार्गदर्शन आहे. आयटीकडे वेगळा अहवाल आहे, एवढं पुरत नाही. सायबर हल्ल्याने सर्व्हर कुलूपबंद झाला तर उपचाराला किती उशीर होतो आणि त्याने रुग्णाचं काय होतं, हे वाक्य तुमच्याच तक्त्यात लागतं.

दुसरी जागा धोरणाची. स्वीकारार्हतेचे निकष ठरवण्याचं धोरण वरिष्ठ व्यवस्थापनाचं असतं. ते तीन रंगांच्या चौकटीपुरतं असेल तर विचारा, हे रंग कोणी आणि कशावरून ठरवले? युरोपात विकणार असाल, तर 'लाभ-जोखीम गुणोत्तर न बिघडवता शक्य तितकी कमी' ही भूमिका धोरणात लिहिलेली हवी. मग हिरव्या ओळीसुद्धा 'बघायची गरज नाही' म्हणून सोडता येत नाहीत.

तिसरी जागा दहाव्या क्लॉजची (उत्पादनानंतरची माहिती आणि कृती), आणि डागडुजीवाले इथेच सर्वात जास्त अडकतात. तक्रारी कॅपामध्ये (सुधारणा आणि प्रतिबंधाच्या प्रक्रियेत) जातात, बंद होतात, रिस्क फाइलला पत्ता नसतो. नवी आवृत्ती माहिती कुठून घ्यायची ते सांगते : उत्पादन, वापरणारे, बसवणारे आणि दुरुस्ती करणारे, पुरवठा साखळी, सार्वजनिक माहिती, स्टेट ऑफ द आर्ट. त्यातून फाइलीत नसलेला धोका सापडला का, नोंदवलेली शक्यता आता खोटी पडते आहे का, हे तपासून कृती करायची. जुन्या उपकरणाचा इथे चक्क फायदा आहे. वर्षानुवर्षांच्या तक्रारी आणि दुरुस्तीच्या नोंदी हाताशी असतात, आणि 'शक्यता २' हा कोणीतरी अंदाजाने टाकलेला आकडा खऱ्या आकड्याने बदलता येतो.

उपकरण लवकरच बंद करणार असाल, तर डागडुजी करा, पण हा दहावा क्लॉज पूर्ण करा. मुदतवाढीवर चाललेल्या जुन्या उपकरणांनाही बाजारानंतरच्या देखरेखीच्या एमडीआरच्या अटी लागू आहेतच. पुढची पाच-सात वर्षं विकणार असाल, तर तिसरी वाट घ्या आणि पुढच्या डिझाइन-बदलाची वाट न पाहता गंभीर इजेच्या ओळींपासून सुरू करा. आणि त्या एका ओळीचा प्रयोग टीमबरोबर करताना सेवाविभागातला एक माणूस खोलीत असू द्या. अलार्मची मर्यादा रात्री कोण सरकवतं, हे बहुधा त्यालाच माहीत असतं.