स्पॅनिश सरदारांचे किताब: मळ्यातल्या कॅफेतला टॉक

पणजीत मळा नावाच्या भागातल्या एका छोट्या कॅफेत हा टॉक ऐकला, चहापेक्षा विषय कडक निघाला. स्पेनात ड्यूक-मार्किसचा किताब थोरली बहीण असली तरी आधी भावाला जायचा, 2006 च्या कायद्याने थोरलं अपत्य तेच वारस झालं आणि गंमत बघा, राजगादीला मात्र अजून मुलगाच आधी! किताब विकता येत नाही, जमीनजुमल्याची वाटणी वेगळी. आल्बाची डचेस, म्हणजे स्पेनातली एक बडी सरदारीण, 2014 मध्ये वारली तेव्हा तिच्याकडे 40 च्या वर किताब होते बाबा. आपल्या गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोडमुळे मुलीला मुलाइतकाच वाटा, त्यावर प्रश्नोत्तरं जाम रंगली, एका काकांनी तर स्वतःच्या भाटाची (माडांच्या बागेची) केसच काढली. स्लाइड्स बारीक, एसी नावाला. कोल्ड कॉफी नका घेऊ.