बेशाच्या काळ्या मातीत तरवड : एका उन्हाळ्यानंतरचा अनुभव

नागपुरात कुंपणाला काय लावावं असं कोणी विचारलं, तर मी बिनधास्त तरवड हे पिवळ्या फुलांचं झुडूप सांगते. मागच्या पावसाळ्याच्या तोंडावर बेसा भागातल्या आमच्या प्लॉटवर लावला, पूर्ण उन्हाळा काढला, म्हणून खात्रीने लिहितेय.

रोप विकत घेणार असाल तर आधी पान बघा. तरवड म्हणून त्याच कुळातलं दुसरंच शोभेचं झुडूप हाती येऊ शकतं, फुलं तशीच पिवळी. खऱ्या तरवडाच्या पानाच्या देठाशी कानाच्या पाळीसारखी रुंद, गोल उपपर्णं (देठाच्या बुडाशी येणारी छोटी पानं) असतात.

मी बियाच पेरल्या. कवच टणक असतं, म्हणून गरम पाणी ओतून रात्रभर ठेवायच्या आणि फुगलेल्या तेवढ्या घ्यायच्या. सोटमूळ खोल जातं, त्यामुळे थेट जागेवरच पेरा. खरी अडचण काळ्या मातीची. मुरूम घालून केलेल्या वरंब्यावरची झाडं कमरेच्या वर गेली. सपाटीवरची पाणी साचून पिवळी पडली. नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पारा ४५ च्या घरात, कूलरलाच पाणी पुरत नव्हतं, तरी वरंब्यावरचा तरवड हिरवागार. मोकाट गुरंही तोंड लावत नाहीत.

फुलं आली की सकाळी जवळ जाऊन बघाच. या फुलात मध नसतो, नुसता पराग, तोही परागकोशाच्या टोकाच्या बारीक छिद्रात कोंडलेला. काळा भुंगा फुलाला लटकून अंग थरथरवतो, घुंऽऽ आवाज होतो आणि पराग त्याच्या पोटावर सांडतो. पानांवर फिकट पिवळ्या फुलपाखरांच्या हिरव्या अळ्या दिसतील. कृपा करून फवारणी करू नका, पानं परत येतात.

फुलं सावलीत वाळवून काढा करते. रंग सोनेरी, चव सौम्य, जराशी तुरट. गुळासोबत छान लागतो. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच घ्या. फुलांची पूड बेसनात मिसळून उटण्यालाही वापरते, ते घरात सगळ्यांना आवडलं. साल मात्र सोलू नका. तिच्यातल्या टॅनिनमुळे ती पूर्वापार कातडी कमवायला वापरतात, घरी तिचा काही उपयोग नाही.

शेंगांचं झाड म्हणून जमिनीला नत्र मिळेल, ही अपेक्षा ठेवू नका. याच्या मुळांवर नत्र धरणाऱ्या गाठी सहसा येत नाहीत. छाटलेला पाला आच्छादनाला चांगला.

शेजारच्या तेलुगू काकूंना बतुकम्माला, म्हणजे नवरात्राच्या सुमारास येणाऱ्या तेलंगणातल्या फुलांच्या सणाला, ही फुलं लागतात. तेलंगणाचं हे राज्यफूल, तिकडे तंगेडू म्हणतात. म्हणून त्यांच्या बाजूच्या फांद्या मी नवरात्र होईपर्यंत छाटत नाही.