ग्लोबल एन्ट्री, नेक्सस की मुंबईचं फास्ट ट्रॅक: तुमच्या घराला कोणतं जुळेल?

मे महिना जवळ आला, मुलांच्या सुट्ट्या आणि भारतवारीची तिकिटं ठरली, की आमच्या मंडळात एक प्रश्न हमखास निघतो: "इमिग्रेशनच्या रांगेतून सुटायला कोणतं कार्ड काढू?" सिॲटलमध्ये राहून मी घरच्यांचे आणि ओळखीतल्या बऱ्याच जणांचे हे अर्ज शेजारी बसून भरले आहेत. त्यातून माझं एक मत पक्कं झालंय. लोक आधी फी बघतात, मग फायदे. आधी बघायच्या गोष्टी दोनच: तुमच्या हातात कोणता पासपोर्ट आहे, आणि प्रवासात तुमच्या शेजारी कोण बसतं.

फीचा मुद्दा लगेच निकालात काढते. पूर्वी नेक्सस (अमेरिका-कॅनडा सीमा झटपट ओलांडायची सोय) ५० डॉलरला आणि ग्लोबल एन्ट्री (अमेरिकेत उतरल्यावर इमिग्रेशनमधून लवकर सुटायची सोय) १०० डॉलरला मिळायचं, म्हणून अनेक जण डोळे झाकून नेक्सस काढायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून दोन्हींची फी १२० डॉलर झाली. मुदत दोन्हींची ५ वर्षं. आई किंवा वडील आधीपासून सदस्य असतील किंवा सोबतच अर्ज करत असतील, तर १८ वर्षांखालच्या मुलांना फी नाही. अर्ज नामंजूर झाला तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून आपण पात्र आहोत की नाही हे भरण्याआधीच बघून घ्या. बऱ्याच क्रेडिट कार्डांवर ही फी परत मिळते, तेही तपासा.

आता पात्रता. भारतीय पासपोर्ट आणि एच-१बी किंवा पर्यटक व्हिसा असेल, तर नेक्ससचा विचार सोडून द्या. ते अमेरिका आणि कॅनडाच्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहे. ग्लोबल एन्ट्री मात्र भारतीय नागरिकांना जुलै २०१७ पासून खुलं आहे. तेव्हाचे अमेरिकेतले आपले राजदूत नवतेज सरना हे त्याचे पहिले भारतीय सदस्य. पुण्यात राहून कामानिमित्त वर्षातून तीन-चार वेळा अमेरिकेला जाणाऱ्यालाही ते काढता येतं, आणि ही गोष्ट अजून फार लोकांना माहीत नाही. त्यात एक जादा पायरी आहे. अमेरिकेच्या संकेतस्थळावर अर्ज आणि फी भरल्यावर आपल्या पासपोर्ट सेवा पोर्टलवर 'जीईपी'साठी (म्हणजे ग्लोबल एन्ट्री प्रोग्रामसाठी) पार्श्वभूमी पडताळणीचा वेगळा अर्ज करावा लागतो. पासपोर्टच्या वेळी होते तशी ही पडताळणी असते, आणि अर्ज रेंगाळतो तो बहुतेक इथेच. ग्रीन कार्ड असलेला भारतीय अमेरिकेचा कायम रहिवासी म्हणून अर्ज करतो, त्याला ही पायरी नसते.

ग्लोबल एन्ट्रीमुळे मिळतं काय? अमेरिकेत उतरल्यावर वेगळी वाट, यंत्रासमोर चेहरा, मग अधिकाऱ्याची नजर आणि पुढे सामान. सतरा-अठरा तासांच्या प्रवासानंतर कडेवर झोपलेलं मूल घेऊन ज्याने नेहमीच्या रांगेत तास काढलाय, त्याला याचं मोल सांगायला नको. व्हिसावर असणाऱ्यांना अधिकाऱ्यापाशी दोन प्रश्नांसाठी थांबावं लागू शकतं, पण ती रांगही छोटी असते. शिवाय यातच टीएसए प्रीचेक येतं, म्हणजे अमेरिकेतल्या विमानतळांवर सुरक्षा तपासणीत लॅपटॉप आणि पातळ पदार्थांची पिशवी बाहेर काढावी लागत नाही.

नुसतं प्रीचेक साधारण ७७ ते ८५ डॉलरला मिळतं, पण ते सीमेवर काहीच कामाचं नाही आणि व्हिसाधारकांना वेगळं काढताही येत नाही. बूट काढायची सक्ती जुलै २०२५ पासून सगळ्यांसाठीच गेली, त्यामुळे त्याचा फायदा आणखी कमी झालाय. वर्षातून एकदा जरी परदेशी जात असाल, तर वरचे ३५ ते ४३ डॉलर घालून ग्लोबल एन्ट्रीच घ्या.

मुलाखतीची लोकांना उगाच धास्ती असते. सशर्त मंजुरी आली की वेळ घेऊन केंद्रावर जायचं, किंवा भारतातून परत येताना अमेरिकेच्या विमानतळावर उतरल्याउतरल्या ती देऊन टाकायची. ही दुसरी सोय बऱ्याच मोठ्या विमानतळांवर आहे आणि तिला आधी वेळ घ्यावी लागत नाही. पासपोर्ट, ग्रीन कार्ड असेल तर ते, आणि राहत्या पत्त्याचा पुरावा जवळ ठेवा.

नेक्ससची गोष्ट वेगळी, आणि ती गाडीत बसल्याशिवाय कळत नाही. आमच्याकडून व्हँकुव्हर अडीच-तीन तासांवर. सीमेवर ब्लेनला पीस आर्चची पांढरी कमान दिसायला लागते आणि तिथेच गाड्या थबकतात. उन्हाळ्यातल्या शनिवारी डावी-उजवीकडे नुसते लाल दिवे. नेक्ससची लेन बाजूने सरकत असते: खिडकी खाली, कार्डं पुढे, एखाददुसरा प्रश्न, आणि गाडी कॅनडात. कॅनडात जाताना आणि परत येताना, दोन्हीकडे ही लेन मिळते. ग्लोबल एन्ट्रीचं कार्ड जमिनीवरून अमेरिकेत शिरताना नेक्ससच्या लेनमध्ये चालतं, पण कॅनडात शिरताना नाही. शिवाय हे कार्ड अमेरिकेचे नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि मेक्सिकोच्या नागरिकांनाच मिळतं. व्हिसावरच्या भारतीयांना सदस्यत्व मिळतं, कार्ड नाही.

आता शेजारच्या माणसाचा प्रश्न. नेक्ससच्या लेनमध्ये गाडीतल्या प्रत्येकाकडे नेक्सस हवं. तान्ह्या बाळाकडेसुद्धा. एक जण जरी बिनसदस्य असला आणि तुम्ही त्या लेनमध्ये शिरलात, तर तुमचं सदस्यत्व जाऊ शकतं. पहिल्या वर्षी आम्ही दोघांनी हौसेने कार्डं काढली, आणि त्या उन्हाळ्यात आई-बाबा आले. त्यांच्याकडे कॅनडाचा व्हिसा होता, पण नेक्सस त्यांना मिळणारच नव्हतं. खिशात दोन कार्डं असूनही आम्ही सगळ्यांबरोबर साध्या रांगेत. तासाभराने आईने मागच्या सीटवरून मेथीच्या ठेपल्यांचा डबा पुढे केला, तेव्हा नेक्ससच्या लेनमधली शेवटची गाडी केव्हाच दिसेनाशी झाली होती. ज्यांच्या कॅनडाच्या फेऱ्या फक्त पाहुण्यांना नायगारा दाखवायला होतात, त्यांना म्हणूनच मी नेक्ससपासून परावृत्त करते. नायगाऱ्याजवळचा व्हर्लपूल रॅपिड्स पूल केवळ नेक्ससधारकांसाठी आहे, पण गाडीत मावशी-काका असले तर तो तुमच्यासाठी बंदच.

उलट बहीण टोरांटोत, तुम्ही बफेलोत किंवा डेट्रॉइटला, आणि घरातले सगळे नागरिक किंवा ग्रीन कार्डवाले, असं असेल तर नेक्ससच घ्या. तेवढ्याच फीत अमेरिकेत परतताना ग्लोबल एन्ट्रीची वाट मिळते आणि प्रीचेकही येतं. मोजावं लागतं ते वेळेत: मंजुरी दोन्ही देशांची लागते, कोणी एकाने नाही म्हटलं तरी अर्ज गेला, आणि मुलाखतीची केंद्रं मोजकी व बहुतेक सीमेलगत. टेक्सास किंवा जॉर्जियात राहून भारताखेरीज कुठे फारसं न जाणाऱ्याने हा व्याप करू नये. ग्रीन कार्डधारकांनी आणखी एक लक्षात ठेवा, एकट्या नेक्सस कार्डावर जाऊ नका. पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड दोन्ही सोबत हवीत.

काहीच काढायचं नसेल तर? नागरिक आणि ग्रीन कार्डधारकांसाठी 'मोबाइल पासपोर्ट कंट्रोल' नावाचं अमेरिकेच्या सीमाशुल्क खात्याचं ॲप आहे. फुकट आहे, मुलाखत नाही, आणि घरातल्या १२ जणांपर्यंत सगळ्यांची माहिती एकाच फोनवर भरता येते. विमान टेकल्यावर फोटो काढून पाठवायचा आणि त्या रांगेत जायचं. दोन वर्षांतून एकदा भारतात जाणाऱ्या चौघांच्या कुटुंबाला मी आधी हेच सांगते. व्हिसावरच्या भारतीयांना मात्र ते चालत नाही, म्हणून पैसे घालून ग्लोबल एन्ट्री काढायची खरी गरज त्यांनाच जास्त आहे असं मला वाटतं.

दुसऱ्या टोकाला मुंबई. रात्री दोनच्या सुमाराला टर्मिनल दोनवर इमिग्रेशनच्या रांगा कशा वळणं घेत जातात ते सगळ्यांनी पाहिलंय. त्यासाठी आता आपल्या सरकारचीच योजना आहे: फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, विश्वासू प्रवासी कार्यक्रम. जून २०२४ मध्ये दिल्लीला सुरू झाली. १६ जानेवारी २०२५ ला मुंबई, चेन्नई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद, कोची आणि अहमदाबाद जोडली गेली, आणि त्या सप्टेंबरात आणखी पाच शहरं. त्या १३ शहरांच्या यादीत पुणे आणि गोवा नाहीत. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व घेतलेले मूळ भारतीय) दोघांनाही ती खुली आहे, आणि सुरू झाली ती विनाशुल्क. गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज भरायचा, छाननी झाली की निरोप येतो, मग विमानतळावर किंवा एफआरआरओ (परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या) कार्यालयात बोटांचे ठसे आणि चेहरा नोंदवायचा. त्यानंतर ई-गेटवर पासपोर्ट आणि बोर्डिंग पास दाखवायचा, चेहरा जुळला की दार उघडतं. मुदत ५ वर्षं किंवा पासपोर्ट संपेपर्यंत, जे आधी येईल ते. ओसीआयवाल्या आमच्या मित्रमंडळींना मी आवर्जून सांगते की हे काढाच, कारण ग्लोबल एन्ट्रीने फक्त परतीचं टोक सुटतं. अर्ज निघायच्या आठवड्यात भरू नका, छाननीला वेळ द्या.

अर्ज कोणताही असो, आपल्या लोकांचं घोडं अडतं ते नावापाशी. पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं, तिकिटावर ते गाळलेलं, आणि लग्नाआधीच्या कागदांवर माहेरचं आडनाव. अर्जात 'इतर नावं' असा रकाना असतो, तिथे माहेरचं नाव न चुकता लिहा. माझ्या एका प्रवासात बोर्डिंग पासवर प्रीचेकची खूण उमटलीच नाही. शोधलं तेव्हा कळलं, विमान कंपनीच्या खात्यात माझं मधलं नाव पहिल्या नावाला चिकटून एकच शब्द झालं होतं. तिकिटावर नाव, जन्मतारीख आणि सदस्यत्वाचा प्रवासी क्रमांक अगदी अर्जातल्यासारखेच हवेत. पासपोर्ट नवा केलात तर त्याचा क्रमांकही सदस्यत्वाच्या खात्यात बदला.

आणि सामान. सदस्य झालात की चूक जास्त महाग पडते. न सांगता नेलेलं फळ, रोप, बी-बियाणं सापडलं तर पहिल्या वेळी १,००० डॉलरपर्यंत दंड बसू शकतो आणि वर सदस्यत्वही जातं. आईने प्रेमाने बॅगेत कोंबलेला ताजा कढीपत्ता आणि चार हापूस यासाठीच नाकारावे लागतात. दोन्ही नेता येत नाहीत, कितीही कागदात गुंडाळले तरी. अमेरिकेतल्या दुकानांत आपला हापूस २००७ पासून मिळतो, पण तो विकिरण प्रक्रिया होऊन आलेला असतो. गोडा मसाला, पापड, लोणचं असं काही असेल तर खाद्यपदार्थ आहेत असं स्पष्ट सांगा. सांगितलेल्या वस्तूवर फार तर ती काढून घेतात. यंदा मुंबईहून निघताना मी बॅग भरायच्या आधीच आईबरोबर बसून यादी केली, आणि कढीपत्ता वाळवून, दळून, चटणीच्या रूपाने आला. अधिकाऱ्याला आधीच सांगितलं, त्याने डबा उघडून वास घेतला आणि परत दिला.