पोस्टरला चार स्टार, सहीला शून्य : नौपाड्यातलं जुन्या सिनेमाच्या सामानाचं दुकान

दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, मालक माणूस म्हणून वाईट नाही आणि मला भांडण वाढवायचं नाहीये. नौपाड्यात, ठाणे स्टेशनपासून चालत दहा-बारा मिनिटं, पहिला मजला. जिना इतका अरुंद की समोरून कोणी उतरत असेल तर तुम्ही खालीच थांबायचं.

माझ्या मोठ्या भावाची पन्नाशी होती. दादा म्हणजे लक्ष्याचा, आपल्या लक्ष्मीकांत बेर्डेंचा, असला फॅन की टीव्हीवर 'अशी ही बनवाबनवी' लागला की डायलॉग आधी हा बोलणार मग ते. म्हटलं त्याला १९८८ चं ओरिजिनल पोस्टर देऊ. दुकानात गेलो तर खरंच खजिना आहे, आधी ते सांगतो. थेटरबाहेर विकायचे त्या गाण्यांच्या चोपड्या, थेटरच्या काचेत लावायचे फोटो, घड्या घातलेल्या पोस्टरांच्या थप्प्या, आणि मालक तासभर काढून दाखवतो, कंटाळत नाही, वर चहा पण पाजतो.

मग त्याने आतल्या कपाटातून 'खास' माल काढला. तेच पोस्टर, कोपऱ्यात चंदेरी मार्करने लक्ष्याची सही, ७५०० रुपये. मी सहज विचारलं बिनसहीचं कितीला, तर म्हणे १८००. म्हणजे पोस्टर १८०० चं आणि ती चार बोटं लांबीची चंदेरी रेघ ५७०० ची! तिथेच डोक्यात घंटा वाजायला हवी होती, पण सोबत सर्टिफिकेट होतं ना, सोनेरी गोल स्टिकरवालं, '१००% ओरिजिनल' लिहिलेलं. घेतलं.

घरी आल्यावर मात्र किडा वळवळायला लागला. शेजारचे काका घड्याळं दुरुस्त करायचे, त्यांच्याकडनं भिंग आणलं. पोस्टर अस्सल होतं, यात वाद नाही. भिंगाखाली छपाईचे रंगीत ठिपके नीट दिसतात, कागद कडेला पिवळा आणि ठिसूळ झालाय. सहीवर ठिपके नव्हते, शाई सलग वर बसलेली, पोस्टर तिरपं धरलं की चमकते. म्हणजे सही छापलेली नाही, पेनानेच केलीये. मी खूश. काका म्हणाले, "अरे पेन खरं आहे, हात कोणाचा ते कुठं दिसतंय?"

बरोबर होतं त्यांचं. मग नीट बघितलं. पोस्टरं पूर्वी घडी घालूनच थेटरांना जायची आणि वर्षानुवर्षं उघडमीट होऊन घडीवरचा रंग उडतो, आतला पांढरा कागद दिसायला लागतो. या सहीचा मधला भाग बरोब्बर अशाच घडीवरून गेला होता, आणि शाई त्या पांढऱ्या भेगेत उतरून जराशी फुटली होती. म्हणजे कागद आधी फाटायला आला आणि सही नंतर झाली. लक्ष्या गेला १६ डिसेंबर २००४ ला. आता तोवर सोळा वर्षांत घडी झिजली असेलही, म्हणून एवढ्यावर मी दुकानदाराला चोर म्हणणार नाही.

दुसरं म्हणजे रेघ. आपण सही करतो तेव्हा हात पळत असतो, सुरुवात आणि शेवट निमुळते होतात, कुठे दाब जास्त कुठे कमी. या सहीत सगळीकडे जाडी सारखी, सुरुवातीला शाईचा ठिपका आणि वळणावर हात थबकल्याची खूण. बघून बघून काढलेल्या रांगोळीसारखी. मावशीकडे जुनी ऑटोग्राफची वही आहे, गडकरी रंगायतनला प्रयोग संपल्यावर विंगेच्या दारात उभं राहून घेतलेल्या सह्या. तिच्यातली एकही सही धड वाचता येत नाही, बॉलपेनने पान मागून उमटलंय, शेवटचं अक्षर पानाबाहेर पळालंय. गर्दीत, घाईत, घामेजलेल्या हाताने केलेली सही अशी असते. (पण घरातल्या एका सहीवरून निकाल देऊ नका, माणसाची सही वीस वर्षांत बदलते, त्याच काळातल्या चार-पाच तरी लागतात.)

खरा निकाल मात्र दुकानातच लागला. परत गेलो, काहीतरी बघायचंय सांगून. लक्ष्याचाच एक ब्लॅक अँड व्हाइट फोटो होता, त्याच्यावर पण सही. मोबाइलवर काढला, घरच्या पोस्टरचा फोटो अर्धा फिका करून त्याच्यावर ठेवला. तंतोतंत! लांबी, तिरपेपणा, शेवटच्या शेपटीचं वळण सगळं एकावर एक. लोकांना वाटतं दोन सह्या जुळल्या म्हणजे खऱ्या. अहो उलट आहे, सारख्या दिसायला हव्यात पण एकावर एक बसता कामा नयेत, कुठलाच माणूस दोनदा हुबेहूब सही करत नाही, बँकवाल्यांना विचारा. अशी बसली म्हणजे खाली कागद ठेवून गिरवली किंवा मशीनने केली, परदेशात ऑटोपेन नावाचं मशीनच असतं त्याला. आणि एक गंमत, त्या कपाटातल्या तीन वेगवेगळ्या नटांच्या सह्यांखालची रेघ एकाच झोकात मारलेली, सगळीकडे तोच चंदेरी मार्कर. तिघांनी एकच पेन विकत घेऊन आपापसात फिरवलं असेल तर माहीत नाही.

मालकाला फोटो दाखवले. आवाज चढवला नाही त्याने, "साहेब मी पण कोणाकडून तरी घेतो, मला काय माहीत" एवढंच म्हणाला. तर मग सर्टिफिकेट कशाच्या जोरावर देता, यावर गप्प. सही कुठे, कधी, कोणासमोर झाली याची एक ओळ नाही, सहीसोबतचा फोटो नाही. बराच वेळ घातल्यावर ७५०० मधले १८०० कापून बिनसहीचं दुसरं पोस्टर दिलं आणि उरलेले जीपे केले, ते त्याच दिवशी आले, हे कबूल करायला हवं.

तर बिनसहीचा माल घ्यायला बिनधास्त जा, भाव करा, थोडं कमी करतो. घडी उघडून मागची बाजू बघून घ्या. सहीवाल्या कपाटाकडे बघू पण नका. दादाला बिनसहीचं जाम आवडलं, नौपाड्यातच फ्रेम करून घेतलं, काच लावताना कागदाला चिकटू न देता मधे जागा सोडायला सांगा.

पार्किंग नाही, रिक्षा किंवा चालत. आणि हो, सहीवालं पोस्टर परत घेताना मालक सर्टिफिकेट मागायला विसरला. ते अजून माझ्या ड्रॉवरमध्ये पडलंय. आता नीट वाचलं तर त्यावर नंबर नाही, नटाचं नाव नाही, कुठल्या वस्तूचं आहे तेच लिहिलेलं नाही.