व्हर्टस जीटी डीएसजी घाटात दाबून चालवली तर? फक्त गिअरबॉक्सचा रिव्ह्यू

सनरूफ, डिकी, टचस्क्रीन यावर सगळीकडे भरपूर बोलून झालंय, त्यामुळे मी फक्त गिअरबॉक्सवर लिहितोय. गाडी फोक्सवॅगन व्हर्टस जीटी, 1.5 टीएसआय (टर्बो) पेट्रोल, 150 पीएस पॉवर, 250 एनएम टॉर्क आणि 7 गिअरचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. आपल्या चाकणलाच बनते. रस्ते म्हणाल तर ताम्हिणी आणि महाबळेश्वर ते पोलादपूरचा आंबेनळी, दोन्ही रविवारची गर्दी टाळून, कारण रविवारी तिथे कुठलाही गिअर चालतो, गाडी काही पुढे जात नाही.

आधी डी मोड, म्हणजे रोजचा ड्राइव्ह. शहरात मख्खन आहे, वादच नाही. पण डी चं सगळं लक्ष पेट्रोल वाचवण्याकडे. पाय जरा हलका ठेवला की हा पटापट वरचे गिअर टाकत सुटतो, साठ-सत्तरच्या स्पीडला बघावं तर सहावा. सरळ रस्त्याला छान, घाटात मात्र वळण आलं की तुम्ही पाय उचलता, त्याला वाटतं चला साहेब निवांत झाले, तो वरचाच गिअर धरून बसतो, आणि वळणातून बाहेर पडताना तुम्ही पाय दाबता तेव्हा इंजिन झोपलेलं, मग याची खालचा गिअर शोधायची धावपळ, त्यात टर्बोलाही हवा भरायला क्षणभर लागतोच, आणि तेवढ्यात पुढचं वळण हजर.

यात गिअरबॉक्स बिघडलेला वगैरे काही नसतो. त्याच्या कॉम्प्युटरला दिसतं काय, तर ॲक्सिलरेटर किती दाबलाय, किती झटक्यात दाबलाय, स्पीड किती, आरपीएम (इंजिनचे मिनिटाचे फेरे) किती, ब्रेकवर पाय आहे का, आणि इंजिन जेवढा जोर लावतंय त्या मानाने गाडी पळतेय का, यावरून चढ-उताराचा अंदाज. बस. पुढचं वळण त्याला दिसत नाही, ते तुम्हाला दिसतं. कुठल्याही ऑटोमॅटिकमध्ये आत एक ठरलेला नकाशा असतो, इतक्या स्पीडला इतका पाय दाबला तर अमुक गिअर. वर जायची रेघ वेगळी, खाली यायची वेगळी, मध्ये मुद्दाम अंतर ठेवलेलं असतं, नाहीतर चढावर बिचारा तिसरा-चौथा-तिसरा-चौथा करत बसेल.

डीएसजीची स्वतःची अजून एक भानगड आहे. यात दोन क्लच असतात, एकाकडे 1, 3, 5, 7 आणि दुसऱ्याकडे 2, 4, 6 आणि रिव्हर्स. तुम्ही चौथ्यात पळताय आणि स्पीड वाढतोय तर हा पाचवा आधीच लावून ठेवतो, मग बदलायचं काम फक्त क्लचचं, म्हणून तर वर जाताना शिफ्ट कळतसुद्धा नाही. पण तुम्ही अचानक ओव्हरटेकला पाय दाबला की त्याचा अंदाज चुकला, आता पाचवा काढून तिसरा लावा, मग क्लच बदला. आणि चौथ्यातून थेट दुसरा हवा असेल तर अजून पंचाईत, कारण दोन्ही एकाच क्लचवर! जेवायला बसलेल्या माणसाला ताटावरून उठवल्यासारखं होतं त्याचं. अर्थात हा उशीर अगदी थोडा असतो, पण समोरून लाल डबा येत असेल तर तो थोडा वाटत नाही. म्हणून ओव्हरटेक ठरवला की पॅडलने (स्टिअरिंगमागचे गिअर बदलायचे खटके) आधीच एक-दोन गिअर खाली घ्या, मग बाहेर काढा.

आता एस मोड, म्हणजे स्पोर्ट. खरी गाडी इथे आहे राव. लिव्हर मागे ओढायचा, झालं. नकाशाच बदलतो, वरचा गिअर उशिरा पडतो, पाय उचलला तरी गिअर धरून ठेवतो, आणि वळणाआधी ब्रेक दाबला की स्वतः खाली येतो, खाली येताना हलकी रेस देऊन आरपीएम जुळवून घेतो त्यामुळे धक्का बसत नाही. आंबेनळीच्या चढाला एस मध्ये ठेवलं की पॅडलला हात लावायची फारशी गरज पडत नाही. फक्त सपाट रस्त्याला लागलात की परत डी मध्ये या, नाहीतर इंजिन उगाच ओरडत राहतं आणि पेट्रोलचा काटा बघवत नाही.

उतारावर मात्र मी पॅडलच म्हणेन. डी मध्येही हा ब्रेकवरून उतार ओळखायचा प्रयत्न करतो, पण उशिरा, तोवर तुमचे ब्रेक तापायला लागलेले. डाव्या पॅडलने दुसरा किंवा तिसरा घ्या आणि इंजिनला गाडी धरू द्या. डी मध्ये पॅडल दाबलं तर थोड्या वेळाने तो आपला कारभार परत हातात घेतो, म्हणून लांब उतार असेल तर लिव्हरच मॅन्युअलला टाका. तिथेही पूर्ण मालकी तुमची नाही बरं, आरपीएम टोकाला गेला की स्वतःच वर जातो, आणि खाली येताना आरपीएम फार चढणार असेल तर सरळ नकार देतो. काहींना याचा राग येतो. मला दुसरा भाग पटतो, पहिला नाही. वळणाच्या मधोमध गिअर बदललेला कुणाला आवडेल?

एक सांभाळायची गोष्ट. याचे क्लच ड्राय आहेत, गार करायला तेल नाही. चढावर ट्रॅफिकमध्ये ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरायची सवय असेल तर सोडा, क्लच घासतो आणि तापतो. ब्रेक दाबून थांबा, पुढे जागा झाली की निघा, गाडी मागे घसरू नये म्हणून हिल होल्ड आहेच.

याच गाडीच्या छोट्या इंजिनाच्या, 1.0 टीएसआय ऑटोमॅटिकचं विचाराल तर तो 6 गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलातून जोर पोचवणारा, वेगळं प्रकरण. शिफ्ट एवढ्या चटपटीत नाहीत, पण चढावरच्या रेंगाळत्या ट्रॅफिकमध्ये तो जास्त निवांत. रोज ऑफिस आणि वर्षातून एकदा कोकण असेल तर तोच घ्या, पैसे वाचतील.

टेस्ट ड्राइव्हला जाल तेव्हा शोरूमवाल्याच्या सपाट चक्करवर खूश होऊ नका. पुण्यात असाल तर कात्रजच्या घाटात न्यायला लावा, चढाला डी मध्ये एका वळणात पाय उचलून परत दाबा, मग तेच एस मध्ये करा. शेजारी बसलेला सेल्सवाला मायलेज सांगत असेल, त्याला सांगू द्या.